इंदूरवरून जाणारं विमान एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) दिसतं तरी कसं?

टेकरीवरून (इंदूर)

नमस्कार मंडळी. विमानांमधलं कळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

बिजासन टेकरीवर संध्याकाळी गेलं की निम्मी तरुण मंडळी फोनवर विमानं बघताना दिसतात. कुठलं विमान, कुठून निघालं, किती उंचीवर आहे, वेग काय, सगळं स्क्रीनवर. ते बघून माझ्या डोक्यात काही प्रश्न आले. एवढी माहिती मला फुकट मिळते, तर कंट्रोलरला वेगळं काय दिसतं? विमान स्वतःच आपला ठावठिकाणा सांगत असेल, तर कोट्यवधींची रडार फिरवायची कशाला? मुंबईहून आखाताकडे जाणारी विमानं अरबी समुद्रावर गेली की ॲपवरून कधी कधी गायब होतात, तशी ती कंट्रोलरच्या पडद्यावरूनही जातात का? आणि ग्वाल्हेरची आमची मावसबहीण म्हणते की डोक्यावरून लढाऊ विमान कानठळ्या बसवत जातं, तेव्हा ॲपवर आकाश रिकामं असतं. ते का?

नेटवर शोधलं तर एक तर फार वरवरचं मिळतं, नाही तर पाठ्यपुस्तकासारखं. कुणी नीट मराठीत सांगेल का?

जुना_टॉवर (इंदूर)

प्रश्न छान आहेत. मी विमानतळ प्राधिकरणात रडार आणि दळणवळणाची यंत्रं सांभाळायचो, आता निवृत्त होऊन इंदुरातच असतो. जमेल तसं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

रडार दोन जातींची असतात आणि त्यांच्यातला फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं. अंधाऱ्या वाड्यात पावलं वाजली तर एक तर बॅटरी मारून बघता येतं, नाही तर "कोण आहे?" म्हणून विचारता येतं. प्राथमिक रडार बॅटरी मारतं. रेडिओ लहरींचा जोरदार झोत सोडायचा, तो विमानाच्या धातूवर आपटून परत आला की लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं आणि अँटेनाचं तोंड कुठे होतं त्यावरून दिशा. लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, त्यामुळे १५० किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी परत यायला एक सहस्रांश सेकंद लागतो. हे काम करायला विमानाकडून काहीच लागत नाही. वैमानिक बोलो न बोलो, यंत्र चालू असो वा बंद, ठिपका दिसतो. पण तो नुसता ठिपका असतो. कोण आहे ते कळत नाही आणि नागरी विमानतळांच्या नेहमीच्या प्राथमिक रडारवर उंचीही कळत नाही. शिवाय जाऊन परत यायच्या दोन्ही खेपांत लहरींची ताकद इतकी कमी होते की या रडारचा पल्ला साधारण ६० ते ८० सागरी मैल धरतात.

दुय्यम रडार विचारतं. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, विमानातला ट्रान्सपॉण्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. प्रश्न मुख्यतः दोन: तू कोण, आणि किती उंचीवर. पहिल्याचं उत्तर चार आकडी कोड. प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच, त्यामुळे एकूण ४०९६ कोड होतात. त्यातले तीन जगभर राखून ठेवलेले: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी. वैमानिकाने हा आकडा फिरवला की कंट्रोलरच्या पडद्यावर ते लेबल लगेच वेगळं उठून दिसतं. विमान स्वतःच्या ताकदीने उत्तर देतं, म्हणून दुय्यम रडारचा पल्ला २०० ते २५० सागरी मैलांपर्यंत जातो. देशभरच्या वरच्या आकाशाचं काम मुख्यतः यावरच चालतं.

आता कंट्रोलरला काय दिसतं ते. विमानाच्या जागी एक छोटी खूण, मागे आधीच्या जागांचे दोन-चार ठिपके, आणि बारीक रेघेने जोडलेलं लेबल. लेबलात वर विमानाचं हाकेचं नाव. खाली उंची, शेकडा फुटांत: ३५० लिहिलं असेल तर ३५,००० फूट. शेजारी बाण, चढतंय की उतरतंय त्याचा. मग जमिनीच्या सापेक्ष वेग, आणि त्याला किती उंचीची परवानगी दिली आहे तो आकडा. हा शेवटचा आकडा तुमच्या ॲपवर कधीच दिसणार नाही. विमान कुठे आहे याइतकंच ते कुठे जाऊ शकतं आणि कुठे नाही, हे कंट्रोलरला बघावं लागतं. तो आख्खा वेळ पुढच्या दहा मिनिटांचा विचार करत असतो.

हरणीरोड (बडोदा)

काका, फार छान. मी इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका. ट्रान्सपॉण्डर जी उंची सांगतो ती कुठून येते, जीपीएसवरून? आणि अँटेना फिरत असते, मग मधल्या काळात विमान कुठे गेलं ते कसं कळतं?

जुना_टॉवर (इंदूर)

उंची हवेच्या दाबावरून येते, जीपीएसवरून नाही. ट्रान्सपॉण्डर नेहमी एकच आधार धरून उंची पाठवतो: समुद्रसपाटीवर दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं मानून. खरा दाब त्या दिवशी वेगळा असेल, म्हणजे खरी उंचीही थोडी वेगळी असेल. पण वरच्या आकाशात सगळी विमानं तोच आधार लावतात, त्यामुळे चूक सगळ्यांची सारखीच होते आणि दोघांमधलं अंतर बरोबर राहतं. उतरण्याच्या वेळी वैमानिक स्थानिक दाब लावतो, आणि खालच्या पातळीवर जमिनीवरची यंत्रणा पडद्यावरच्या उंचीत तेवढी दुरुस्ती करते. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात आपल्याकडे २००३ च्या नोव्हेंबरपासून दोन विमानांमध्ये १,००० फूट पुरतात, त्याआधी २,००० लागायचे. उंची मोजणारी यंत्रं तेवढी भरवशाची झाली म्हणूनच हे शक्य झालं.

दुसरी शंका महत्त्वाची. विमानतळाजवळचं रडार साधारण ४ सेकंदांत एक फेरी मारतं, लांब पल्ल्याचं १० ते १२ सेकंदांत. जेट विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला २५० मीटर, म्हणजे १२ सेकंदांत ३ किलोमीटर. मधल्या काळात संगणक आधीच्या वेगावरून आणि दिशेवरून अंदाज बांधून खूण पुढे सरकवतो. विमान सरळ चाललं असेल तर अंदाज अचूक. वळत असेल तर पुढची फेरी येईपर्यंत खूण थोडी बाजूला राहते. म्हणूनच वरच्या आकाशात रडारवर कमीत कमी ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर ठेवतात आणि विमानतळाजवळ, जिथे रडार जवळ असतं आणि फेरी लवकर होते, तिथे ३ मैलांवर भागतं. हे आकडे या यंत्रांच्या मर्यादांमधूनच आले आहेत.

रडार नसेल तर? तर वैमानिक ठरलेल्या जागेवर पोचल्याचं रेडिओवर सांगतो आणि कंट्रोलर घड्याळ बघून एकाच मार्गावरच्या दोन विमानांमध्ये १० मिनिटं ठेवतो. १० मिनिटं म्हणजे त्या वेगाने १५० किलोमीटर. रडारमुळे आकाश किती मोकळं झालं त्याचा अंदाज यावरून येईल.

टेकरीवरून (इंदूर)

म्हणजे इंदूरवरून ३५,००० फुटांवरून जाणारं विमान नेमकं कुठल्या रडारला दिसतं? इथल्या की बाहेरच्या?

जुना_टॉवर (इंदूर)

यासाठी एक सोपा हिशेब आहे. पृथ्वी गोल असल्याने रडारला क्षितिजाखालचं दिसत नाही. विमानाच्या उंचीचं फुटांमधलं वर्गमूळ काढा आणि १.२३ ने गुणा, तेवढ्या सागरी मैलांपर्यंत ते दिसतं. ३५,००० फुटांचं वर्गमूळ साधारण १८७, म्हणजे २३० मैल, जवळपास ४२५ किलोमीटर. अहमदाबाद इंदूरपासून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर आहे, नागपूर ३८० च्या आसपास. म्हणजे आपल्या डोक्यावरून उंचावरून जाणारं विमान एकाच वेळी दोन-दोन लांबच्या रडारच्या टप्प्यात येतं. यंत्रणा अशा सगळ्या रडारची माहिती एकत्र करून एकच खूण दाखवते. एक बंद पडलं तरी दुसरं असतं.

तेच विमान इंदूरला उतरायला १०,००० फुटांवर आलं तर टप्पा १२३ मैल, म्हणजे २२८ किलोमीटर. अहमदाबादच्या क्षितिजाखाली गेलं ते. २,००० फुटांवर तर जेमतेम १०० किलोमीटर. त्यामुळे खालच्या आकाशासाठी जवळपास काहीतरी असावंच लागतं, नाही तर रेडिओ आणि घड्याळ. आणि धावपट्टीवर, शेवटच्या काही मैलांत, टॉवरमधला माणूस आजही काचेतून डोळ्यांनी आणि दुर्बिणीने बघतो. ते काम अजून कुठल्या यंत्राने पूर्ण घेतलेलं नाही.

आणखी एक. इंदूरचा चार अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड व्हीएआयडी, बडोद्याचा व्हीएबीओ. दोन्हींची सुरुवात व्हीए, कारण दोन्ही मुंबईच्या हवाई माहिती क्षेत्रात. ग्वाल्हेर व्हीआय, म्हणजे दिल्लीकडे. आपल्या तीन गावांमध्येच आकाशाची ही सीमा जाते.

लश्करवाली (ग्वाल्हेर)

वर ज्या मावसबहिणीचा उल्लेख आहे ती मीच. दादाने धागा पाठवला म्हणून आले.

महाराजपूरचा तळ हवाई दलाचा, मिराज २००० तिथे १९८५ पासून आहेत. इकडे लहानाची मोठी झालेली प्रत्येक व्यक्ती आवाजावरून सांगते की आज सराव आहे. आमच्याकडे प्रवासी विमानंही त्याच तळावर उतरतात आणि त्यांना उतरवायचं काम हवाई दलाचे कंट्रोलर करतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. माझा प्रश्न असा: लढाऊ विमान ॲपवर दिसत नाही, ते समजू शकते. पण मग त्याच आकाशात प्रवासी विमान उतरत असताना त्यांची टक्कर होणार नाही हे कोण बघतं?

जुना_टॉवर (इंदूर)

ताई, तुमचे हवाई दलाचे कंट्रोलरच बघतात, म्हणूनच तिथे काम त्यांच्याकडे आहे. ॲपला लागतो तो आपणहून होणारा प्रक्षेपणाचा संदेश, आणि लष्करी विमान तो सहसा पाठवत नाही. पण दुय्यम रडारने विचारलं तर त्यांचाही ट्रान्सपॉण्डर उत्तर देऊ शकतो. तो कधी चालू ठेवायचा हे ते ठरवतात. आणि प्राथमिक रडारला तर उत्तराची गरजच नाही. हवाई दलाने प्राथमिक रडार कधीच सोडलं नाही, सोडणारही नाही, कारण शत्रूचं विमान "कोण आहे?" ला उत्तर देत नाही. "आपला की परका" ओळखायची दुसऱ्या महायुद्धातली युक्तीच पुढे नागरी ट्रान्सपॉण्डर झाली.

सुदामानगर_४२ (इंदूर)

चरखी दादरीला दोन विमानांची हवेत टक्कर झाली तेव्हा मी दिल्लीत शिकायला होतो. वर्तमानपत्रात तेव्हा वाचलं होतं की दिल्लीच्या रडारवर उंची दिसतच नव्हती. ते खरं होतं का?

जुना_टॉवर (इंदूर)

खरं होतं. आणि हा विषय निघाला तर मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण आमच्या पिढीच्या सगळ्या कामावर त्या संध्याकाळची सावली होती.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७ चढत होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंतची परवानगी होती. समोरून कझाकस्तानचं आयएल-७६ उतरत होतं, त्याला १५,००० वर थांबायचं होतं. दोघांमध्ये १,००० फूट राहिले असते, पुरेसे होते. कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं होतं की समोरून विमान येतंय. पण कझाक विमान १५,००० च्या खाली उतरत गेलं. दिल्लीच्या कंट्रोलरसमोर प्राथमिक रडार होतं. त्याला दोन ठिपके जवळ येताना दिसत होते, आणि तसं ते दिसणारच होतं, कारण एक वरून आणि एक खालून जाणार होतं. एक ठिपका चुकीच्या उंचीवर आहे हे कळायला त्याच्याकडे वैमानिकाच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. ३४९ माणसं गेली. दोन्ही विमानांतलं कुणी वाचलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगाने चौकशी केली. कझाक विमान ठरलेली उंची सोडून खाली आलं, हे मुख्य कारण ठरलं. त्यानंतर दिल्लीत दुय्यम रडार सुरू झालं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, आणि विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली. टीकॅस जमिनीवर अवलंबून नाही. त्याच १०३० आणि १०९० मेगाहर्ट्झवर एक विमान दुसऱ्याला थेट विचारतं आणि धोका दिसला तर एकाला "चढ", दुसऱ्याला "उतर" असं दोघं मिळून ठरवतात.

त्याबद्दलचाही एक कडू धडा आहे. १ जुलै २००२ ला युरोपात युबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर झाली, ७१ जण गेले. टीकॅसने एकाला चढायला सांगितलं होतं, कंट्रोलरने त्यालाच उतरायला सांगितलं. वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं. तेव्हापासून जगभर नियम पक्का झाला: टीकॅसने आज्ञा दिली की तीच पाळायची, कंट्रोलर काहीही म्हणो. वैमानिकाने "टीकॅस आरए" (म्हणजे टीकॅसची आज्ञा आलीय) म्हटलं की आमचा माणूस त्या विमानाला चढ-उतार सांगत नाही, गप्प राहतो. ते गप्प राहणंही शिकवावं लागतं.

हरणीरोड (बडोदा)

वाचून सुन्न झालो. काका, आता उपग्रहांबद्दल सांगाल का? आमच्या प्राध्यापकांचं म्हणणं आहे की एडीएस-बी आल्यावर रडार हा संग्रहालयातला विषय होणार. प्रत्येक विमान जीपीएसवरून आपली जागा काढून सेकंदाला दोनदा सांगतंय, तीही मीटरांच्या अचूकतेने. १२ सेकंदांनी फिरणारा पत्रा कशाला हवा?

जुना_टॉवर (इंदूर)

तुमच्या प्राध्यापकांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. एडीएस-बी फार चांगलं तंत्र आहे. विमान स्वतःहून, कुणी न विचारता, जागा, उंची, वेग आणि ओळख १०९० मेगाहर्ट्झवर सांगत राहतं. ओळख म्हणजे २४ बिटांचा पत्ता, जगात प्रत्येक विमानाचा वेगळा. भारतात नोंदलेल्या विमानांचा हा पत्ता सोळाच्या पद्धतीने लिहिला तर ८० पासून ८३ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होतो. टेकरीवरच्या मुलांनी ॲपवर बघावं, लगेच कळेल. जमिनीवर लागतो तो एक छोटा अँटेना आणि रिसीव्हर, फिरणारं काही नाही. रडारच्या मानाने खर्च नगण्य. म्हणूनच २००६ साली स्वीडनमधल्या दोन हौशी लोकांनी सुरू केलेलं फ्लाइटरडार२४ आज जगभरच्या स्वयंसेवकांनी गच्चीवर लावलेल्या रिसीव्हरवर चालतं.

टेकरीवरून, तुमच्या समुद्राच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. समुद्रात गच्च्या नाहीत. म्हणून ॲपवरचं विमान जातं.

कंट्रोलरकडून ते जात नाही, पण बघायची पद्धत बदलते. तिथे एडीएस-सी नावाची वेगळी सोय आहे: विमानाचा संगणक आणि जमिनीवरचं केंद्र यांच्यात करार ठरतो की इतक्या-इतक्या मिनिटांनी, किंवा उंची बदलली की, संदेश पाठवायचा. तो इनमारसॅट किंवा इरिडियमच्या उपग्रहांमार्फत येतो. बोलणंही टंकलिखित संदेशांनी होतं. पूर्वी समुद्रावर उच्च वारंवारतेच्या रेडिओवर खरखरीत ओरडून जागा सांगावी लागायची, आणि पावसाळ्यात तर काय ऐकू येईल याचा भरवसा नसायचा. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना या दोन ओळींच्या संदेशाची किंमत विचारा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे एडीएस-बीचा रिसीव्हरच उपग्रहावर बसवणं. इरिडियमचे ६६ नवे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून फिरतात, त्यांवर एरिऑन कंपनीचे रिसीव्हर आहेत. २०१९ पासून ही सेवा चालू आहे. उत्तर अटलांटिकवर, ध्रुवांवर, वाळवंटावर, जिथे कधीच कुणाला काही दिसत नव्हतं, तिथलं विमान आता काही सेकंदांच्या आत पडद्यावर येतं.

लश्करवाली (ग्वाल्हेर)

मग मलेशियाचं एमएच ३७० कसं हरवलं? तेव्हाही उपग्रह होतेच की.

जुना_टॉवर (इंदूर)

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. ८ मार्च २०१४. ट्रान्सपॉण्डरचं उत्तर थांबलं आणि नागरी पडद्यावरून विमान गेलं. त्यानंतर ते कुठे वळलं हे कळलं ते मलेशियाच्या लष्कराच्या प्राथमिक रडारमुळे. त्याच्याही टप्प्याबाहेर गेल्यावर उरला फक्त इनमारसॅटच्या उपग्रहाशी अधूनमधून होणारा आपोआप संपर्क. त्यात जागा नव्हती, पण लहरीला लागलेल्या वेळावरून अंतर आणि वारंवारतेच्या फरकावरून दिशेचा अंदाज काढता आला. त्यावरून दक्षिण हिंदी महासागर ठरला. २३९ माणसं होती त्यात. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम झाले की समुद्रावरच्या मोठ्या विमानाची जागा निदान १५ मिनिटांनी कळलीच पाहिजे, आणि नव्या विमानांत संकट आलं तर आपोआप दर मिनिटाला संदेश जायला हवा.

पण तुमच्या प्रश्नातच हरणीरोडच्या प्राध्यापकांना उत्तर आहे. दुय्यम रडार, एडीएस-बी, एडीएस-सी, उपग्रहावरचा रिसीव्हर, सगळे विमानाच्या बोलण्यावर चालतात. विमानाने बोलणं थांबवलं की सगळे एकदम आंधळे. बघणारं एकटं प्राथमिक रडार.

हरणीरोड (बडोदा)

थांबवलं तर, हे मान्य. पण मुद्दाम ट्रान्सपॉण्डर बंद करणारे किती? एवढ्यासाठी इतका खर्च योग्य वाटत नाही. तो पैसा लहान गावांमध्ये एडीएस-बी बसवायला वापरला तर जास्त लोकांचा फायदा होईल. बडोद्यासारख्या ठिकाणी बघा, वरून रहदारी केवढी.

जुना_टॉवर (इंदूर)

लहान विमानतळांना एडीएस-बी मिळावं, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण रडार काढून नको, आणि त्याचं कारण बंद ट्रान्सपॉण्डरपेक्षा मोठं आहे. विमान खोटं बोलू शकतं, आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

जीपीएसचा सिग्नल २०,००० किलोमीटरवरून येतो, जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतो. जवळून कुणी त्याच पद्धतीचा नकली सिग्नल जोरात सोडला की विमानाचा रिसीव्हर तो खरा मानतो. मग विमान पूर्ण प्रामाणिकपणे चुकीची जागा सांगत राहतं. युद्धाच्या प्रदेशांजवळ हे नेहमीचं झालंय. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास वैमानिकांनी अशा तक्रारी केल्या आणि सरकारनेही संसदेत ते मान्य केलं. अशा वेळी दुय्यम रडार काय करतं बघा: ते उत्तर येण्याचा वेळ आणि अँटेनाची दिशा यावरून जागा स्वतः मोजतं. विमान फक्त नाव आणि उंची सांगतं, जागा नाही. उंचीही दाबावरची, जीपीएसवरची नाही. त्यामुळे जीपीएस पूर्ण गेलं तरी रडारवरची खूण जागेवर राहते. यंत्रणा दोन्ही ताडून बघते आणि एडीएस-बीची जागा रडारपासून लांब जाऊ लागली की ती बाजूला टाकते. एडीएस-बीच्या संदेशातच "माझ्या जागेचा मला किती भरवसा आहे" हा आकडा असतो, तो घसरला तरीही.

मी उपग्रहांच्या विरोधात नाही. गगनचं काम मी जवळून बघितलंय. प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून केलेली ही यंत्रणा देशभरच्या १५ ठिकाणांहून जीपीएसमधली चूक मोजते आणि जीसॅट उपग्रहांवरून दुरुस्ती पाठवते. भारतावर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार चंचल असतं, चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिणेतून जातं, त्यामुळे हे काम अमेरिका-युरोपपेक्षा इथे अवघड होतं. तरी ते झालं, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला एटीआर विमान गगनच्या आधाराने उतरलंही. ज्या धावपट्टीवर आयएलएस, म्हणजे उतरताना रेडिओने वाट दाखवणारी यंत्रणा, नाही तिथे हे वरदान आहे. पण हे विमानाने स्वतःची वाट शोधण्यासाठी. विमान खरंच त्या वाटेवर आहे की नाही हे तपासायला वेगळ्या रस्त्याने आलेली माहिती लागते. एकाच झऱ्यातून दोघांनी पाणी भरलं आणि झराच गढूळ झाला, तर कोण कुणाला सांगणार?

हरणीरोड (बडोदा)

जागा रडार स्वतः मोजतं, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. उद्याच्या सेमिनारमध्ये हाच मांडतो. रडार नको असेल तिथे चार-पाच रिसीव्हरवर एकाच संदेशाच्या पोचण्याच्या वेळांतला फरक मोजूनही जागा काढता येते ना? मल्टिलॅटरेशन? तिथेही जीपीएसमधली जागा लागत नाही.

जुना_टॉवर (इंदूर)

बरोबर, तोही चांगला मार्ग. फक्त सगळ्या रिसीव्हरची घड्याळं नॅनोसेकंदांपर्यंत जुळलेली हवीत, आणि ती बऱ्याचदा जीपीएसवरूनच जुळवतात. तेवढं सेमिनारमध्ये सांगा, नाही तर कुणीतरी विचारेलच.

सुदामानगर_४२ (इंदूर)

नोव्हेंबरमध्येच दिल्लीत शेकडो विमानं रखडली होती. तेव्हा व्हॉट्सॲपवर "दिल्लीचं रडार बंद पडलं" असं फिरत होतं.

जुना_टॉवर (इंदूर)

रडार चालू होतं. बंद पडली ती संदेश पोचवणारी यंत्रणा, एएमएसएस. कुठलं विमान कुठून कुठे, कुठल्या मार्गाने जाणार याचे उड्डाण आराखडे तिच्यातून आपोआप कंट्रोलरपर्यंत येतात. ते थांबल्यावर माणसांना ते हाताने भरावे लागले. हाताने भरायचं तर वेग कमी ठेवावाच लागतो, नाही तर चुका होतात. म्हणून उशीर. आकाशातली विमानं पडद्यावर दिसत होती. अशा फॉरवर्डमुळे लोक उगाच घाबरतात, कृपया पुढे पाठवू नका.

लश्करवाली (ग्वाल्हेर)

माझा मुलगा बीएस्सी करतोय, भौतिकशास्त्र आणि गणित. हे वाचून त्याने विचारलं की कंट्रोलर व्हायला काय लागतं?

जुना_टॉवर (इंदूर)

त्याची पदवी चालते, इंजिनिअरिंगचीही चालते. प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एटीसी अशी भरती निघते. निवड झाली की प्रयागराजच्या प्रशिक्षण महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठवतात. आवाज, इंग्रजी बोलणं आणि वैद्यकीय तपासणी यांवर भर असतो. त्याला आतापासून मोठ्याने, स्पष्ट आणि सावकाश इंग्रजी वाचायची सवय लावा. आणि ताई, मुलगा आला तर मनापासून आनंद होईल, माणसं कमी पडतायत.

टेकरीवरून (इंदूर)

काका, मनापासून आभार. एकच शेवटचं. ग्वाल्हेरची बाजू दिल्लीकडे आणि आपली मुंबईकडे म्हणालात. मग दिल्लीहून इंदूरला येणारं विमान ती सीमा ओलांडतं तेव्हा नेमकं काय होतं?

जुना_टॉवर (इंदूर)

विमान सीमेवर यायच्या आधीच पुढच्या केंद्राला त्याची अंदाजे वेळ आणि उंची कळवलेली असते. जवळ आलं की दिल्लीचा कंट्रोलर लेबल पुढे देतो आणि ते पुढच्या कंट्रोलरच्या पडद्यावर लुकलुकायला लागतं. तो त्यावर क्लिक करून स्वीकारतो, मग दिल्लीच्या पडद्यावर त्याचा रंग बदलतो. दोन यंत्रणांचं असं जुळत नसेल तर फोनवर कोड, जागा आणि उंची सांगून हेच तोंडी होतं. कोड बहुतेक वेळा तोच राहतो. दोन विमानांना एकच कोड पडत असेल तर पुढचा कंट्रोलर नवीन देतो आणि वैमानिकाला "आयडेंट" दाबायला सांगतो, म्हणजे ती खूण पडद्यावर काही सेकंद ठळक होते आणि हेच ते विमान याची खात्री पटते. हे सगळं झाल्याशिवाय वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी सांगायची नाही. आधी स्वीकार, मग निरोप.